अ‍ॅप म्हणालं ‘धोका कमी’, अकराव्या दिवशी करपा. चुकलं कोण?

बांधावरची

नमस्कार मंडळी. लिहिणं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचा ३४ जणांचा टोमॅटोचा गट आहे. माझं स्वतःचं सव्वा एकर आहे, आणि गटाच्या नोंदी ठेवायचं कामही माझ्याकडे आहे, म्हणजे ज्या कामाला कुणालाच वेळ नसतो ते. मागच्या हंगामात वर्गणी काढून आम्ही एक छोटं हवामान केंद्र बसवलं. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि पान किती तास ओलं राहिलं एवढं ते मोजतं. त्यावरून अ‍ॅप रोज सकाळी दोन गोष्टी सांगतं: बुरशीनाशक फवारायचं का, आणि ठिबक किती मिनिटं चालवायचं. दर सातव्या दिवशी डोळे झाकून पंप पाठीवर घ्यायचा ही सवय मोडायची आणि पाणी जपून वापरायचं, एवढाच हेतू होता.

पहिल्या हंगामात बऱ्याच जणांच्या चार-चार फवारण्या वाचल्या. मी तर मिरवत होते.

या हंगामात लागणीनंतर चौथ्या आठवड्यात सलग दहा दिवस अ‍ॅपवर हिरवा दिवा, ‘धोका कमी’. कुणीच फवारलं नाही. अकराव्या दिवशी ओढ्याकाठच्या तीन प्लॉटमध्ये खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, आत वर्तुळात वर्तुळ. आठवड्यात खालची दोन-दोन पानं काढून टाकावी लागली. गटाबाहेरचे शेजारी, जे कॅलेंडर बघून फवारतात, त्यांचे प्लॉट स्वच्छ. मला काय काय ऐकावं लागलं असेल ते सांगत नाही.

पाण्याचं दुसरंच. आमच्या गटातले एक आप्पा अ‍ॅप उघडतच नाहीत. वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या, म्हणजे मल्चिंगच्या भोकातून खुरपं घालतात, चार बोटं खालची माती मुठीत दाबतात आणि व्हॉल्व्हकडे जायचं की घरी ते ठरवतात. अ‍ॅप ५२ मिनिटं म्हणत होतं तेव्हा हे म्हणाले, “वाफसा नाही अजून, बंद ठेव.” म्हणजे मातीतलं जास्तीचं पाणी अजून ओसरलेलं नाही. मी चक्क वाद घातला त्यांच्याशी. तीन आठवड्यांनी आमची झाडं खालून पिवळी पडायला लागली होती, त्यांची नाही.

तिसरं दुखणं नोंदींचं. चार वर्षांचे गटावरचे मेसेज आहेत, त्यात खरोखर खजिना आहे, पण शुभसकाळच्या फुलांखाली गाडलेला. दोन जाड वह्या आहेत. एक मेंबर असे होते की प्लॉटमध्ये शिरल्यावर दोन मिनिटांत सांगायचे कुठल्या ओळीत गडबड आहे. त्यांनी शेती सोडली, आणि ते जे काही त्यांना कळायचं ते आता आमच्यापैकी कुणालाच कळत नाही.

तर प्रश्न असा: हे तंत्रज्ञान बोगस आहे की आम्ही चुकीचं वापरतोय? आणि माणसांच्या डोक्यातलं हे सगळं ठेवायचं कशात? जाणकारांनी सांगावं.

शेंडाखुडी

अ‍ॅप काढा, आप्पांना अ‍ॅडमिन करा. विषय संपला. 😀

दवबिंदू

आधी एक सांगा, ते हवामान केंद्र बसवलंय कुठे? आणि पान ओलं मोजणारा सेन्सर त्याच खांबावर आहे का?

बांधावरची

हो, त्याच खांबावर. पंपघराच्या पत्र्यावर. उंच, मोकळं, गुरं पोचत नाहीत, केबलही जवळ. बसवणाऱ्या माणसानेच जागा निवडली आणि आम्हालाही पटली.

दवबिंदू

तिथेच गेलं सगळं.

तापमान किंवा पाऊस मोजण्याला जगभर ठरलेल्या पद्धती आहेत. पानाच्या ओलाव्याचं तसं नाही. तो सेन्सर म्हणजे रंग दिलेली एक पट्टी. तिच्यावर पाण्याचा थर बसला की विजेचं माप बदलतं आणि यंत्र म्हणतं ‘ओलं’. पट्टी जिथे आहे तिथलंच ती सांगणार. तुमची पट्टी दिवसभर तापणाऱ्या पत्र्यावर आहे, खाली मोटर आहे, वर वारा आहे. ओढ्याकाठी रात्री गार हवा उतरून साचते आणि धुकं ऊन वर आल्यावरही हलत नाही. टोमॅटोची खालची पानं एकमेकांना चिकटून, तिथे दव कुणी पुसत नाही. म्हणजे यंत्राने मोजलं पत्र्याचं हवामान, आणि रोग आला खालच्या पानावर.

आता आकड्यात बघा. वर्तुळाचे ठिपके म्हणताय, म्हणजे लवकर येणारा करपा. त्यासाठी टोमॅटोत बऱ्याच ठिकाणी टॉमकास्ट नावाची पद्धत किंवा तिचीच भावंडं वापरतात. १९७८ साली फास्ट नावाने जी पद्धत आली तिचं हे सोपं रूप. रोज एक अंक, ० ते ४. पान किती तास ओलं होतं आणि त्या तासांचं सरासरी तापमान किती, एवढ्यावरून तो अंक तक्त्यातून काढायचा. २१ ते २५ अंश तापमान असेल तर:

२ तासांपर्यंत ओलं: ०
३ ते ५ तास: १
६ ते १२ तास: २
१३ ते २० तास: ३
त्यापुढे: ४

हे अंक रोज मिळवत जायचे. फवारल्यावर पुन्हा शून्यापासून, आणि बेरीज १५ ते २० च्या घरात आली की पुढची फवारणी.

समजा पत्र्यावरच्या पट्टीने रोज २ तास मोजले. दहा दिवसांची बेरीज शून्य. हिरवा दिवा. ओढ्याकाठी तेच पान ९ तास ओलं होतं. रोजचे २, दहा दिवसांचे २०. म्हणजे तक्ता बरोबर, गणित बरोबर, आणि सल्ला पूर्ण चुकीचा. तुमच्याकडे खरे तास किती होते ते मला माहीत नाही, पण अ‍ॅपमधून त्या दहा दिवसांचे तासवार आकडे काढता येतात का बघा.

सेन्सर खाली आणा. पिकाच्या उंचीला, पानांच्या मध्ये, थोडा तिरपा आणि सूर्याकडे पाठ करून. सगळ्यात वाईट प्लॉटमध्ये लावा, सगळ्यात सोयीच्या नाही.

आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: टॉमकास्ट उशिरा येणाऱ्या करप्यासाठी नाही. तो वेगळाच जीव, त्याची गणितं वेगळी. बटाट्यात त्याच्यासाठी ब्रिटनमध्ये १९५६ पासून स्मिथचा नियम होता: लागोपाठ दोन दिवस किमान तापमान १० अंशांच्या खाली नाही, आणि दोन्ही दिवशी निदान ११ तास आर्द्रता ९० टक्के किंवा जास्त. २०१७ मध्ये तिथे हटनचे निकष आले आणि ११ तासांचे ६ झाले, कारण जुना नियम बऱ्याचदा इशारा द्यायचाच नाही. साठ वर्षं वापरलेला नियमही असा दुरुस्त करावा लागतो.

बांधावरची

काढले आकडे. दहापैकी सात रात्री २ तास किंवा त्याहून कमी, तीन रात्री ३ तास. बेरीज ३. 🤦‍♀️

पाणीपट्टी

पाण्याचं मी बोलतो, माझा रोजचा विषय.

अ‍ॅप बहुधा एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतलं गणित वापरतं. १९९८ ची पुस्तिका, अजून बरेच जण तीच धरतात. हवामानावरून आधी संदर्भ बाष्पोत्सर्जन काढायचं, म्हणजे छान वाढलेल्या, पाण्याची ददात नसलेल्या हिरवळीतून दिवसात किती मिलिमीटर पाणी उडेल ते. त्याला पिकाच्या गुणकाने गुणायचं. टोमॅटोचा गुणक सुरुवातीला ०.६ आणि भर हंगामात १.१५.

पण तुम्ही सहज लिहून गेलात, ‘मल्चिंगच्या भोकातून’. त्याच पुस्तिकेत म्हटलंय की प्लास्टिक आच्छादन असेल तर मातीतून थेट उडणारं पाणी ५० ते ८० टक्के कमी होतं, आणि म्हणून गुणक सरासरी १० ते ३० टक्के खाली आणावा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आच्छादनाची खूण केली होती का? मला खात्री आहे, नव्हती.

समजा संदर्भ आकडा रोज ५ मिमी. आच्छादन न धरता ५ गुणिले १.१५, म्हणजे ५.७५ मिमी. २० टक्के वजा केले तर ४.६. फरक १.१५ मिमी. दिसायला काहीच नाही. एका चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर, एकरात साधारण ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकरी रोज साडेचार हजार लिटरच्या वर पाणी जास्तीचं. तीन आठवडे. मुळांना श्वास घ्यायला जागा कुठून राहणार?

आप्पांनी मल्चिंगचा गुणक मुठीत मोजला, बाकी काही नाही. मातीचा ताण मोजणारं टेन्सिओमीटर तुम्हाला तेच सांगेल, फक्त आकड्यात. दोन घ्या, एक उथळ आणि एक खोल. खालचं सतत ओलं दाखवत असेल तर पाणी मुळांखाली वाहून चाललंय, आणि खतही त्याच्याबरोबर.

निवृत्त_खुरपं

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी तिसऱ्या प्रश्नावर येतो, कारण पहिल्या दोन्हीचं मूळ तिथेच आहे. तीस वर्षं मी सल्ला द्यायचं काम केलं. त्यातली निदान दहा वर्षं वाया गेली असं आता वाटतं, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

ताई, तुमच्या वहीत त्या तीन प्लॉटची नोंद काय आहे? मी पैजेवर सांगतो: “करपा आला.” बरोबर?

आपल्या भाषेत करपा म्हणजे पान करपल्यासारखं दिसणं. त्यात लवकरचा येतो, उशिराचा येतो, जिवाणूचे ठिपके येतात, कधी उन्हाने भाजलेलं पानही येतं. चार वर्षांच्या वहीत शंभर वेळा ‘करपा’ लिहिलं असेल तर ती वही वाचून अ‍ॅप कुठे चुकलं ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण अ‍ॅप त्यातल्या एकाच रोगाबद्दल बोलतंय. एफएओने १९८० च्या दशकात अ‍ॅग्रोवॉक नावाचा शेतीचा शब्दसंग्रह सुरू केला तो ह्याच दुखण्यावर. कल्पना एक, तिला ओळख एक, आणि वेगवेगळ्या भाषांतली नावं त्या ओळखीला टांगलेली. तुम्हाला एवढं मोठं काही नको. करप्यापुढे चार खुणा पुरेत: वर्तुळं आहेत का, पाणी लागल्यासारखा डाग आहे का, सकाळी पानाखाली पांढरी बुरशी दिसते का, सुरुवात खालून की वरून. आणि फोटो, पानाच्या दोन्ही बाजूंचा.

दुसरं. आपण वहीत केलेलं लिहितो: अमुक तारखेला अमुक औषध. का केलं ते लिहीत नाही, आणि जे केलं नाही ते तर कधीच नाही. त्या दहा दिवसांत ३४ जणांनी ‘न फवारण्याचा’ निर्णय घेतला. वहीत ती पानं कोरी असणार. तुमच्याकडे सगळ्यात मोलाची माहिती तीच होती. आप्पांनी व्हॉल्व्ह बंद ठेवला तेव्हा मातीचा गोळा कसा होता, दाबल्यावर बोटांत पाणी आलं का, फुटला की चिकट राहिला, हे त्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा. सगळं येणार नाही. मुठीला कळतं त्यातलं थोडंच तोंडाला सांगता येतं. म्हणून नुसतं विचारू नका, त्यांच्याबरोबर दोन पोरांना पाठवा, त्यांनी आधी अंदाज सांगायचा, मग आप्पांनी. शेती सोडून गेलेल्या मेंबरबाबत तुमचं हेच करायचं राहून गेलं. आमचं सगळ्यांचंच राहून जातं.

तिसरं आणि माझ्या जिव्हाळ्याचं. हॉलंडमध्ये १९७८ साली गव्हासाठी एपिप्रे नावाची योजना सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात फिरून तांबेरा रोग किती, मावा कीड किती हे मोजायचं, कार्डावर लिहून टपालाने पाठवायचं, आणि संगणकाने काढलेला सल्ला त्याला परत टपालाने यायचा: फवारा, थांबा किंवा पुन्हा बघून या. काही वर्षांनी बरेच जण गळाले. वरवर बघता योजना फसली. पण त्यातले कित्येक कंटाळून गेले नव्हते, त्यांना आता कार्ड पाठवायची गरज उरली नव्हती. मोजायचं कसं आणि थांबायचं कधी हे हातात बसलं होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आमच्या वापरकर्त्यांचे घटते आकडे बघून डोक्याला हात लावून बसलो होतो!

ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात याच्या पुढे गेले. फार्मस्केप म्हणून प्रकल्प होता. त्यांच्याकडे एपसिम हे पीकवाढीचं मोठं मॉडेल होतं, पण त्यांनी ते शेतकऱ्याच्या हातात सोडून दिलं नाही. आधी त्याच्याच शेतात खोलवर नळी घालून माती काढली, ओल किती आणि नत्र किती ते मोजलं, तेच आकडे मॉडेलमध्ये घातले, आणि मग टेबलाभोवती बसून गप्पा: पेरणी पंधरा दिवस लांबली तर? नत्र अर्धं दिलं तर? मॉडेल निकाल देत नव्हतं, वादाला खाद्य देत होतं. तुमचं अ‍ॅप निकाल देतं. हिरवा दिवा म्हणजे निकाल, त्याच्याशी वाद घालता येत नाही. पुरवणाऱ्याला सांगा, दिवा ठेव हवा तर, पण शेजारी ओले तास, तापमान आणि बेरीज दाखव. ‘बेरीज ३’ असं रोज दिसत असतं तर ओढ्याकाठचा एखादा तरी म्हणाला असता की अहो, माझी चप्पल नऊ वाजेपर्यंत दवाने भिजते, तीन कसे?

शेवटचं, कटू आहे. शेजाऱ्यांचे प्लॉट स्वच्छ राहिले ते फवारणीमुळे, हे तुम्हाला कशावरून कळलं? ते ओढ्याकाठी आहेत का? पुढच्या वेळी प्रत्येक भागात एक ओळ न फवारता ठेवा. लक्ष ठेवून, रोग दिसला की लगेच आवरायचं. ती ओळ नसेल तर फवारणीने पीक वाचलं की रोग येणारच नव्हता हे कधीच कळत नाही. मागच्या हंगामातल्या तुमच्या चार वाचलेल्या फवारण्यांनाही हेच लागू आहे बरं का. अ‍ॅप शहाणं होतं की हवा कोरडी होती?

शेंडाखुडी

मस्करी मागे घेतो. पण आप्पा अ‍ॅडमिन हे कायम.

दवबिंदू

निवृत्त_खुरपं यांना +१. न फवारलेल्या ओळीबद्दल एवढंच की उशिराचा करपा परिसरात असेल तेव्हा हा खेळ नको. तो एका आठवड्यात प्लॉट खातो आणि शेजाऱ्याकडेही जातो.

कोरडवाहू

वाचतोय. एक आगाऊ सूचना: ते तासवार आकडे दर महिन्याला उतरवून स्वतःकडे ठेवा. आमच्याकडे वर्गणी संपली त्या दिवशी तीन वर्षांचा डेटा दिसेनासा झाला. करार करताना डेटा कुणाचा आणि तो कुठल्या फाइलमध्ये बाहेर काढता येईल, हे कुणी विचारलंच नव्हतं.

बांधावरची

सोळा दिवसांनी परत आले.

निवृत्त_खुरपं काका, पैज जिंकलात. वहीत अक्षरशः “करपा आला (३ प्लॉट)” एवढंच होतं, माझ्याच अक्षरात. आणि शेजारी ओढ्याकाठी नाहीत, चढावर आहेत. हे मला माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं.

सेन्सर ओढ्याकाठच्या प्लॉटमध्ये खाली आणला. पत्र्यावर तुलनेसाठी दुसरा जुना ठेवलाय. पहिल्या बारा रात्रींत खालच्याचे तास वरच्यापेक्षा रोज जास्त, सगळ्यात मोठा फरक ७ तासांचा. पाण्याच्या सेटिंगमध्ये आच्छादनाची खूण केली (नव्हतीच केलेली, पाणीपट्टी), तर ५२ ची ४१ मिनिटं झाली. आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, “अजून थोडं कमी कर, मग माझ्याजवळ येईल.” पुरवणाऱ्याला आकडे दाखवायला सांगितलंय, तो ‘बघतो’ म्हणालाय.

वहीत दोन रकाने वाढवले: ‘काय दिसलं’ आणि ‘काय केलं नाही, का’. पहिला आठवडा कुणी भरलेच नाहीत. मग मी लिहायला सांगणं सोडलं, संध्याकाळी फोन लावून विचारते आणि स्वतः लिहिते. रोज पाच जण, फार तर दहा मिनिटं. बोलायला सगळे तयार असतात, लिहायचं म्हटलं की पेन सापडत नाही.

आणि गंमत सांगायची राहिली. तेराव्या दिवशी खालच्या सेन्सरने १९ तास ओलं दाखवलं. अंक ३, दिवा पिवळा, गटावर धावपळ. पण आकडे आता मी गटावर टाकते, त्यामुळे आप्पांनी ते बघितले आणि काही न बोलता प्लॉटमध्ये गेले. लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा जोड सुटून बारीक तुषार नेमका पट्टीवर उडत होता. त्यांनी जोड बसवला आणि वहीत, पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने, ‘काय दिसलं’ खाली लिहिलं: “पान कोरडं. सेन्सर भिजला. गळती.” शेजारच्या रकान्यात: “फवारलं नाही.”